अनोळखी देशांना पोस्टकार्ड: बेळगाव परिसरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या बाजूच्या लोकांनी अनोळखी परदेशी माणसांशी पोस्टकार्डांची देवाणघेवाण करण्याच्या माझ्या छंदाबद्दल मला पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही व्हॉट्सअ‍ॅपवर आले, काही पोस्टाच्या रांगेतच. एका उत्तरातला मुद्दा दुसरीकडे लागला तर परत न लिहिता प्रश्नाचा क्रमांक दिलाय. टपालाचे परदेशी दर मुद्दाम लिहिलेले नाहीत. ते बदलतात, आणि जुना आकडा पाठ करून बसलेल्या माणसाचंच कार्ड अडकतं.

१. हा नेमका काय प्रकार आहे? पूर्वीचे पेनफ्रेंड असायचे तसं का?

तसं नाही. पेनफ्रेंड म्हणजे एकच माणूस, वर्षानुवर्षं. इथे प्रत्येक कार्ड नव्या माणसाला जातं आणि तुम्हाला येणारं कार्ड भलत्याच तिसऱ्या माणसाकडून येतं. यातली सगळ्यांत मोठी व्यवस्था म्हणजे पोस्टक्रॉसिंग. पोर्तुगालच्या पाउलो मागाल्याइंश यांनी ती १४ जुलै २००५ रोजी सुरू केली.

तुम्ही तिच्या संकेतस्थळावर खातं उघडून पत्ता मागता. समजा फिनलंडमधल्या एका बाईंचा पत्ता मिळाला. सोबत एक क्रमांकही मिळतो. भारतातून जाणाऱ्या कार्डांचा क्रमांक ‘आयएन’ या अक्षरांनी सुरू होतो. तो कार्डावर लिहायचा, कार्ड टाकायचं. बाईंना कार्ड मिळालं की त्या हा क्रमांक संकेतस्थळावर नोंदवतात. नोंद झाली की तुमचं नाव ‘आता यांना कार्ड जाऊ द्या’ या रांगेत लागतं. मग एखाद्या दिवशी तैवानच्या कुणा विद्यार्थ्याला तुमचा पत्ता मिळतो आणि त्याचं कार्ड तुमच्या दारात येतं. म्हणजे जितकी पाठवाल, साधारण तितकी येतील. आधी मात्र तुम्हीच पाठवायचं.

२. पोस्टकार्डं बंद झाली ना? पेपरात वाचलं होतं.

पेपरात आलं ते रजिस्टर पोस्टाबद्दल. २०२५ मध्ये देशांतर्गत रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं. पोस्टकार्ड चालू आहे, लाल पेट्याही आहेत. भारतात पहिलं पोस्टकार्ड जुलै १८७९ मध्ये पाव आण्याला निघालं. जगातलं पहिलं त्याच्या दहा वर्षं आधीचं, ऑस्ट्रिया-हंगेरीतलं, १ ऑक्टोबर १८६९ चं. म्हणूनच १ ऑक्टोबर हा जागतिक पोस्टकार्ड दिन मानतात.

३. खर्च किती येतो?

सभासदत्व फुकट. खर्च फक्त कार्डाचा आणि तिकिटांचा. महिन्याला चार-पाच कार्डं पाठवणाऱ्याला हा छंद हॉटेलातल्या एका जेवणाहून महाग पडत नाही. महाग पडतो तो कार्डं जमवण्याचा हव्यास, आणि तो ज्याचा त्याने आवरायचा.

४. मला कॉम्प्युटर येत नाही, मी निवृत्त आहे. जमेल का?

जमेल. पत्ता काढणं आणि आलेलं कार्ड नोंदवणं, एवढ्याच दोन गोष्टींना इंटरनेट लागतं. तेवढं नातवाकडून करून घ्या, बाकीचं काम पेनाचं आहे. खातं मात्र माणशी एकच. नवरा-बायको दोघांनाही हौस असेल तर दोघांची वेगवेगळी खाती चालतात.

५. एका वेळी किती कार्डं पाठवता येतात?

सुरुवातीला पाच वाटेवर असू शकतात. ती पोचून नोंदवली गेली की मर्यादा हळूहळू वाढते. पहिल्याच दिवशी पाचही पत्ते काढून ठेवू नका. पत्ता काढला की दिवस मोजणं सुरू होतं (प्रश्न १४). कार्ड आणि तिकीट हाताशी असेल तेव्हाच पत्ता काढावा.

६. बेळगावात चित्रांची पोस्टकार्डं मिळतात कुठे?

खरं सांगायचं तर सहज मिळत नाहीत. खडेबाजारात, गणपत गल्लीत लग्नपत्रिका आणि ग्रीटिंग हवी तितकी, खरं बेळगावचं चित्र असलेलं कार्ड मागितलं की दुकानदार आपल्याकडेच बघत राहतो. गोव्यात पर्यटकांच्या दुकानांतून मिळतात. कामानिमित्त पणजी-म्हापशाला जाणं झालं तर गठ्ठाच आणावा. मोठ्या शहरांतल्या फिलाटेली ब्युरोतही (तिकीट जमवणाऱ्यांसाठी असलेल्या पोस्टाच्या विभागात) काही वेळा संच असतात.

माझ्या मते सगळ्यांत चांगला मार्ग म्हणजे स्वतः छापून घेणं. स्वतः काढलेला फोटो घ्या: किल्ल्यातली कमल बस्ती, हलशीचं भूवराह नरसिंहाचं मंदिर, पावसाळ्यातला गोकाकचा धबधबा, राजहंसगडावरून दिसणारी शेतं, शहापूर-वडगावच्या मागावरची साडी. छापखान्यात ३०० जीएसएमच्या आर्ट कार्डावर छापायला सांगा. मागची बाजू मॅट किंवा साधी ठेवायला आवर्जून सांगा. दोन्ही बाजू चकचकीत केल्या तर पेन चालत नाही आणि पोस्टाचा शिक्काही पुसला जातो. एकट्याला शंभर प्रती जास्त होतात, म्हणून दोघा-तिघांनी मिळून चार वेगवेगळी चित्रं छापावीत आणि वाटून घ्यावीत.

घाई असेल तर स्टुडिओतून चार बाय सहा इंची फोटो काढून जाड कागदावर चिकटवला तरी चालतो. कडा नीट चिकटल्या पाहिजेत, नाहीतर यंत्रात कार्ड सोलून निघतं. आकाराचं बंधन असं: कमीत कमी ९ बाय १४ सेंटिमीटर, जास्तीत जास्त १२ बाय २३.५ सेंटिमीटर. घडीचं ग्रीटिंग कार्ड पोस्टकार्डात धरत नाहीत.

७. पोस्टात गेल्यावर काय मागायचं? काउंटरवरच्या बाईंना माहीतच नव्हतं.

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, विशेषतः तालुक्याच्या ठिकाणांहून. लहान पोस्टात परदेशी पोस्टकार्ड महिनोन् महिने कुणी आणत नाही, त्यामुळे कर्मचाऱ्याला दर आठवत नसेल तर त्यात नवल नाही. बऱ्याचदा ते पत्राचा दर सांगतात, आणि तो जास्त असतो. म्हणून सुरुवातीलाच स्पष्ट सांगायचं: पाकीट नाही, पत्र नाही, परदेशी जाणारं पोस्टकार्ड, विमानाने. भारतीय टपाल खात्याच्या संकेतस्थळावरचा त्या दिवशीचा दर मोबाइलवर उघडून न्यावा आणि नम्रपणे दाखवावा. काउंटरवर हुज्जत घालून कुणाचं कार्ड लवकर गेल्याचं मी ऐकलेलं नाही.

कानडी बोलणारे कर्मचारी असतील तर एवढं वाक्य पुरतं: “फॉरिनग पोस्टकार्ड कळसबेकु री, एष्ट स्टँप हच्चबेकु?” (परदेशी पोस्टकार्ड पाठवायचंय, किती तिकीट लावायचं?) उच्चार चुकला तरी काम होतं, आणि समोरचा माणूस हसून दर शोधायला लागतो.

गावात अडचण येत असेल तर बेळगावच्या कॅम्पातलं मुख्य पोस्ट गाठा आणि महिनाभराची तिकिटं एकदम घेऊन ठेवा. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आणि दुपारच्या जेवणाआधी गर्दी असते, ती वेळ टाळावी. तिकिटं घरात असली की दर वेळी काउंटरला जायची गरज उरत नाही. कार्ड पेटीत टाकलं तरी चालतं.

८. पन्नास पैशांचं साधं पिवळं कार्ड परदेशी पाठवता येतं का?

येतं, पण पन्नास पैशांत नाही. परदेशी दराला जेवढे कमी पडतात तेवढ्याची तिकिटं वर चिकटवायची. परदेशातल्या कित्येकांना आपलं छापील तिकिटाचं कार्ड चित्राच्या कार्डापेक्षा जास्त आवडतं. त्याची मागची बाजू कोरी असते, तिथे घरच्या मुलांकडून चित्र काढून घ्यावं. कमी तिकीट लावून ‘जाईल की’ म्हणून टाकू नका. एकतर कार्ड परत येतं, नाहीतर समोरच्या माणसाला दंड भरावा लागतो.

९. तिकिटं कशी लावायची? सुटून पडतात.

उजव्या वरच्या कोपऱ्यात. आपल्या तिकिटांच्या मागचा डिंक भरवशाचा नाही, आणि आपल्याकडच्या पावसाळी हवेत तर अजिबात नाही. वरून गोंदाच्या कांडीचा पातळ हात द्यावा. तिकिटावर सेलोटेप लावू नका, तसं तिकीट बाद धरतात. एकाच मोठ्या तिकिटापेक्षा दोन-तीन वेगवेगळी लावली तर घेणाऱ्याला आनंद होतो, फक्त पत्त्यासाठी जागा उरली पाहिजे. कार्डाच्या तळाशी दीड-दोन सेंटिमीटर पट्टी कोरी सोडा. परदेशातली यंत्रं तिथे रेघांचा संकेत छापतात, आणि तुमच्या शेवटच्या दोन ओळी त्याखाली जातात.

१०. परदेशी पत्ता लिहिताना काही नियम?

जसा दिलाय तसाच, ओळीनं ओळ उतरवायचा. आपल्या सवयीनं ‘दुरुस्त’ करायचा नाही. जर्मनीत रस्त्याचं नाव आधी आणि घर क्रमांक नंतर येतो, तसंच टपाल क्रमांक आधी आणि गावाचं नाव नंतर. ते उलटं वाटलं तरी बरोबर असतं. चीन किंवा रशियाचा पत्ता त्यांच्या लिपीत दिला असेल तर तो छापून कापून चिकटवावा. देशाचं नाव मात्र शेवटच्या ओळीत, इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत. ते आपल्या पोस्टासाठी असतं. बाकीचा पत्ता तिकडच्या पोस्टमनसाठी.

११. स्वतःचा पत्ता काय द्यावा? बेळगाव, बेळगावी की बेलगाम? आणि मराठीत दिला तर?

हा प्रश्न आपल्याच भागातून येणार. सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बदलून बेळगावी झालं. टपालासाठी दोन्ही नावं चालतात, कारण कार्ड छाटलं जातं ते पिनकोडवर. पिनकोडची पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याची, १५ ऑगस्ट १९७२ पासूनची. ते संस्कृतचे पंडितही होते. पहिला आकडा विभाग सांगतो: आपला ५, महाराष्ट्र आणि गोव्याचा ४. त्यामुळे बेळगाव ५९० ने सुरू होतं, आणि अर्ध्या तासावरच्या चंदगड तालुक्यातलं कार्ड ४१६ वरून कोल्हापूरच्या वाटेनं जातं. चुकून कुणी पत्त्यात ‘कर्नाटक’ऐवजी ‘महाराष्ट्र’ लिहिलं तरी ५९ ने सुरू होणारा पिन त्याला इकडेच आणतो. पिन चुकला तर मात्र नावात कितीही अचूकपणा असून उपयोग नाही. सीमेलगतच्या गावांनी आपला पिन एकदा पोस्टमनला विचारून घ्यावा. शेजारच्या गावाचा पिन सवयीनं लिहिणारे पुष्कळ आहेत.

लिपी इंग्रजीच ठेवा. परदेशी माणसाला देवनागरी नक्कल करायला लावली की ‘टिळकवाडी’चं काय होईल सांगता येत नाही. शिवाय आपल्याकडे वाटप करणारा पोस्टमन मराठी वाचणारा असेलच असं नाही. ‘मारुती मंदिराच्या मागे’ ही खूण पत्त्यात हवीच, तीसुद्धा इंग्रजी अक्षरांत. गल्लीत एका आडनावाची सहा घरं असतील तर तीच खूण कार्डाला घर दाखवते.

१२. कार्डावर लिहायचं काय? माझं इंग्रजी कच्चं आहे.

इंग्रजी कच्चं असणं ही अडचण नाही. समोरच्याचंही बहुधा कच्चंच असतं. अडचण असते ती सगळ्यांच्या एकाच मजकुराची: नमस्कार, मी भारतातून, भारत महान आणि विविधतेनं नटलेला देश आहे, ताजमहाल बघायला या. असं कार्ड कुठल्याही गावातून निघू शकतं, म्हणून ते कुणाचंच नसतं. तुमच्या घरातूनच निघू शकेल असं काहीतरी लिहा.

उदाहरणार्थ मांडे. पाच-सहा सोप्या वाक्यांत: आमच्याकडे लग्नात एक मोठी पातळ पोळी करतात. ती हातावर पसरवत पसरवत रुमालाएवढी होते. मग तापलेल्या उपड्या भांड्यावर टाकतात. आत साखर असते. गरम असतानाच घडी घालावी लागते, गार झाली की मोडते. मला अजून जमत नाही. एवढं वाचून स्वीडनमधला माणूस पोस्टकार्ड फ्रिजवर लावतो.

दुसरं उदाहरण: आजी मराठीत रागावते, भाजी कानडीत घासाघीस करून घेते, आणि नातू तिला इंग्रजीत उत्तर देतो. तिसरं: जून ते सप्टेंबर आमचे कपडे वाळत नाहीत, घरात दोऱ्या बांधलेल्या असतात. इतिहासाची आवड असलेल्याला लिहा की काँग्रेसच्या ज्या एकमेव अधिवेशनाचं अध्यक्षपद गांधीजींनी भूषवलं ते १९२४ मध्ये आमच्या गावात झालं, आणि त्यासाठी खणलेली विहीर टिळकवाडीत अजून आहे.

मला आलेल्या कार्डांत लक्षात राहिलेलं एक फिनलंडचं आहे. त्या बाईंनी देशाबद्दल एक शब्द लिहिला नव्हता. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसणारी खार रोज एकाच फांदीवर येऊन बसते आणि आज आली नाही, एवढंच होतं. मी उलट टपाली खारीची चौकशी केली.

समोरच्यानं आपल्या खात्यावर स्वतःबद्दल लिहिलेली माहिती वाचूनच लिहायला बसावं. तो बागकाम करत असेल तर तुमच्या परसातल्या कढीपत्त्याबद्दल लिहा. भाषांतराचं अ‍ॅप वापरलं तरी हरकत नाही, फक्त मूळ वाक्यं छोटी ठेवा. लांब मराठी वाक्याचं यंत्र काय करेल त्याचा नेम नाही.

१३. मराठीत किंवा कानडीत लिहिलेलं चालेल?

सगळा मजकूर नको, कारण वाचणाऱ्याला तो कळला पाहिजे. पण एक ओळ जरूर लिहा: नाव, ‘नमस्कार’, किंवा घरात कानडी असेल तर कानडीतही. खाली उच्चार आणि अर्थ द्या. लिपी बघायला मिळणं हा पुष्कळ लोकांना या छंदातला मोठा भाग वाटतो, आणि आपल्या घरात दोन लिप्या आहेत.

१४. कार्ड पोचायला किती दिवस लागतात? दोन महिने झाले, नोंदच नाही.

दोन-तीन आठवड्यांपासून दोन महिन्यांपर्यंत काहीही. साध्या पोस्टकार्डाला माग काढायची सोय नसते, त्यामुळे ते कुठे आहे हे कुणालाच विचारता येत नाही. साठ दिवसांत नोंद झाली नाही तर ते कार्ड मुदतबाह्य दिसतं. याचा अर्थ हरवलं असा नाही. तुमची जागा मोकळी होते आणि तुम्ही नवा पत्ता काढू शकता. पत्ता काढल्यापासून वर्षभरात ते पोचलं तरी समोरच्याला नोंदवता येतं आणि त्याच्या बदल्यात तुम्हालाही कार्ड येतं.

दिरंगाई बऱ्याचदा आपल्याकडेच सुरू होते. गावातल्या पेटीतून कार्ड उचललं जाण्यात दिवस जातात, पावसाळ्यात जास्तच. घाईचं कार्ड मुख्य पोस्टात नेऊन द्यावं, आणि जमलं तर समोरच हातशिक्का मारून घ्यावा.

१५. पावसात शाई पसरली आणि क्रमांक वाचता येत नाही असा निरोप आला. आता?

तुमच्या खात्यात तो क्रमांक आहेच, लगेच कळवून टाका. उलट तुम्हाला आलेल्या कार्डावर क्रमांक नसेल किंवा पुसला असेल तर संकेतस्थळावर हरवलेला क्रमांक शोधण्याचा अर्ज आहे. कुठल्या देशातून आलं, पाठवणाऱ्याचं नाव, शिक्क्यावरची तारीख, चित्र कसलं, जेवढं दिसतं तेवढं भरा. शोधून देतात. पुढच्या वेळी जेल पेन बाजूला ठेवा. साधं बॉलपेन पावसाला पुरून उरतं. क्रमांक दोन ठिकाणी लिहावा, एक तिकिटापासून लांब, कारण शिक्का नेमका त्यावरच बसतो.

१६. कार्डावर माझा पत्ता लिहू का? परत आलं तर?

लिहू नका. परदेशातली छाटणी यंत्रं कधीकधी डाव्या बाजूचा पत्ताच खरा समजतात आणि कार्ड सगळं जग फिरून तुमच्याच दारात येतं. पहिलं नाव, गाव, देश, बस. गावाचं नावही मजकुरातच जाऊ द्या.

१७. कार्डासोबत काही पाठवता येईल का? कुंदा, चहाची पूड, बिया, नाणी?

कुंदा इथेच खावा. पोस्टकार्डाचा दर फक्त कार्डाचा, त्याला काही टाचलं किंवा चिकटवलं की ते पोस्टकार्ड राहत नाही. पाकिटात घालून पाठवायचं तर पत्राचा दर लागतो, आणि समोरच्यानं पाकीट चालेल म्हटलेलं असावं. बिया, वाळलेली फुलं, तांदूळ, मसाले यांना हात लावू नका. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यात फार कडक आहेत, आणि त्रास पाठवणाऱ्याला नाही, घेणाऱ्याला होतो. नोटा-नाणीही नकोत. वापरलेली तिकिटं, बसचं जुनं तिकीट, काडेपेटीवरचं लेबल, अशा चपट्या कागदी गोष्टी पाकिटातून मजेत जातात.

१८. किल्ल्याचे आणि कॅम्पाचे फोटो छापले तर अडचण येईल का?

मंदिर, बस्ती, तटबंदी, दरवाजा यांना अडचण नाही. पण किल्ल्याच्या आत आणि कॅम्पात लष्कराची हद्द आहे, मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्रही इथलंच. फाटकं, पहारे, बराकी, वाहनं फोटोत येऊ देऊ नका. ‘छायाचित्रण मनाई’ची पाटी असेल तिथे कॅमेरा काढूच नये.

१९. मुलीनं घरचा पत्ता अनोळखी माणसांना द्यावा का? घरचे नको म्हणतात.

घरच्यांची काळजी रास्त आहे. पत्ता सगळ्या जगाला दिसत नाही, ज्याला तो मिळेल त्यालाच दिसतो. तरी तो अनोळखीच असतो. वडिलांच्या दुकानाचा किंवा आईच्या ऑफिसचा पत्ता द्यावा, किंवा पोस्टात वर्षाचं भाडं भरून पोस्ट बॉक्स घ्यावा. नावाच्या जागी आद्याक्षर आणि आडनाव पुरतं, फक्त ते पोस्टमनला सांगून ठेवा. फोन नंबर, इन्स्टाग्राम, घराचा फोटो माहितीत टाकू नये. कार्ड उघडं असतं, वाटेत दहा जण वाचू शकतात. त्यामुळे ‘पुढच्या आठवड्यात आम्ही सगळे गावाला जातोय’ असलंही लिहू नये. हॉस्टेलचा पत्ता मी टाळायला सांगतो. सुट्टीत आलेली कार्डं तिथे कुठे जातात कुणाला पत्ता लागत नाही.

२०. पोस्टमन कार्ड खाली जिन्यातच टाकून जातो. काय करावं?

फाटकाला नावाची पत्रपेटी लावा. अर्धे प्रश्न तिथेच मिटतात. उरलेले पोस्टमनशी बोलून. एखादं आलेलं कार्ड त्याला दाखवा, कुठून आलंय ते सांगा. ही जाहिरातीची चिठ्ठी नाही हे एकदा लक्षात आलं की तो वरपर्यंत येतो. तक्रारीचा अर्ज शेवटचा उपाय.

२१. आमच्या मराठी शाळेत मुलांसाठी सुरू करता येईल का?

येईल, आणि करावंच. शिक्षकांच्या जबाबदारीवर वर्गाचं एक खातं, पत्ता शाळेचा, आणि माहितीत स्पष्ट लिहायचं की कार्डं मुलं लिहितात. मुलांची पूर्ण नावं कार्डावर नकोत. कार्ड आलं की भिंतीवरच्या नकाशात टाचणी. भूगोलाच्या तासाला वेगळी ओढाताण करावी लागत नाही. मे महिन्याच्या सुट्टीआधी पत्ते काढणं थांबवा, आणि खातं तेवढ्यापुरतं निष्क्रिय करून ठेवा.

२२. समोरच्यानं माहितीत लांबलचक यादी दिलीये: फक्त दीपगृहं, फक्त मांजरं. तसंच पाठवायला हवं का?

सक्ती नाही. ती इच्छा आहे, अट नाही. असेल तर पाठवा, नसेल तर आपलं चांगलं कार्ड पाठवा आणि समुद्रच नाही तर दीपगृह कुठलं, असं मोकळेपणानं लिहा. आपल्या माहितीत असली यादी लिहिताना मात्र हात आखडता घ्यावा.

२३. सीमाप्रश्नाबद्दल लिहू का? माझी ओळख तीच आहे.

लिहायला कुणी अडवत नाही. पण १ नोव्हेंबर १९५६ पासूनचं प्रकरण हाताच्या पंजाएवढ्या जागेत मांडता येत नाही, आणि ब्राझीलमधल्या शाळकरी मुलीला त्यातून काही उमगतही नाही. माझं मत विचाराल तर: मातृभाषा मराठी, राज्य कर्नाटक, महाराष्ट्राची हद्द अर्ध्या तासावर, घाट उतरलं की गोवा. एवढं पुरे. खरोखर उत्सुकता वाटली तर ती व्यक्ती निरोप पाठवून विचारते. मग पाहिजे तितकं सविस्तर लिहा, तिथे जागेची मर्यादा नाही.

२४. कुणीतरी थेट ‘आपण अदलाबदल करू’ म्हणतंय. करावी का?

थेट अदलाबदल वाईट नाही, पण तिथे क्रमांक नाही, नोंद नाही, भरवसा शब्दाचा. पहिल्यांदा एकाच कार्डाची करा. दहा कार्डांचा संच आधी मागणाऱ्याला, किंवा कार्डांची बोलणी सोडून पैशांची, पार्सलची, कस्टमची बोलणी सुरू करणाऱ्याला उत्तर देऊ नका.

२५. काही देशांना टपाल बंद असतं म्हणे. पत्ता मिळाला आणि पोस्टानं घेतलं नाही तर?

असं होतं. २०२५ च्या ऑगस्टअखेर अमेरिकेच्या नव्या सीमाशुल्क नियमांच्या गोंधळात आपल्या टपाल खात्यानं तिकडचं सगळं टपाल थांबवलं होतं, पत्रंसुद्धा. १५ ऑक्टोबर २०२५ पासून ते पुन्हा सुरू झालं. डेन्मार्कमध्ये तर सरकारी मालकीच्या टपाल कंपनीनं २०२५ संपताना पत्रं वाटणं कायमचं सोडलं आणि ते काम दुसऱ्या खासगी कंपनीकडे गेलं. पत्ता काढण्याआधी पोस्टात चौकशी करून ठेवणं बरं. पत्ता मिळाल्यावर कळलं तर समोरच्याला निरोप टाका, कार्ड लिहून ठेवा आणि सेवा सुरू झाली की पाठवा. मुदतीचं काय होतं ते प्रश्न १४ मध्ये आहे.

२६. मुलीकडे तीन महिने अमेरिकेला जातेय. तिथून पाठवता येतील?

येतील. खात्यात प्रवासाची सोय आहे, ती सुरू केली की तुमच्या कार्डांना त्या देशाचा क्रमांक मिळतो. तिकिटं अर्थात तिकडचीच लागतात, इथून नेलेली चालत नाहीत. दरम्यान बेळगावच्या पत्त्यावर येणारी कार्डं घरी कोण उचलणार हे ठरवून जा, आणि त्या व्यक्तीला आलेल्या कार्डाच्या मागच्या बाजूचा फोटो पाठवायला सांगा, म्हणजे तिथूनही नोंद करता येते. पाठवणारा वाट बघत असतो.

२७. आलेली कार्डं आपल्या दमट हवेत टिकवायची कशी?

भिंतीला लागून असलेल्या कपाटात नको, तिथे ओल उतरते. घट्ट झाकणाच्या डब्यात, औषधांच्या बाटल्यांतून किंवा नव्या चपलांच्या खोक्यातून निघणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून, उभी लावून ठेवा. स्वस्त प्लॅस्टिकच्या चिकट अल्बममध्ये फोटो चिकटून बसतो आणि मागचा मजकूर जातो. तिकिटं सोलून काढू नका. पावसाळा संपला की ऑक्टोबरात एकदा सगळी बाहेर काढून पंख्याखाली पसरावीत, उन्हात नाही.